शटल आहे, पाय नाहीत

हिमायतनगर म्हटलं की नांदेडकराला मुदखेड–आदिलाबाद लोहमार्गावरचं तालुक्याचं गाव आठवतं, आणि हैदराबादच्या मराठी माणसाला लिबर्टी चौकातून नारायणगुड्याकडे जाणारा, दोन्ही अंगांनी दुकानांनी गजबजलेला रस्ता. नाव एकच, निजामी काळातलं. हैदराबादच्या वस्तीला ते शेवटच्या निजामाचे थोरले चिरंजीव हिमायत अली खान ऊर्फ आझम जाह यांच्यावरून मिळालं. या वस्तीला लागूनच, नारायणगुड्यात, केशवराव कोरटकरांच्या नावाची शाळा आहे, आणि आसपासच्या गल्ल्यांतून मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. या प्रस्तावनेला दोन्ही हिमायतनगरं लागणार आहेत. रॅकेट हातात घेणाऱ्या मुलाच्या नशिबी काय येतं, ते या दोन गावांत फार वेगळं आहे.

हैदराबादच्या हिमायतनगरातून बशीरबागेवरून चालत निघालं, तर वीसेक मिनिटांत लाल बहादूर स्टेडियम लागतं. जुनी माणसं त्याला अजून फतेह मैदान म्हणतात. तिथल्या बॅडमिंटन हॉलमध्ये सय्यद मोहम्मद आरिफ यांनी वर्षानुवर्षं मुलं घडवली. २००१ साली चेन हाँगला हरवून ऑल इंग्लंड जिंकणारा पुल्लेला गोपीचंद त्यांच्याच तालमीतला. हरियाणातून आलेली सायना नेहवाल लहानपणी पहाटे अंधारात वडिलांच्या स्कूटरवर मागे बसून राजेंद्रनगरहून याच हॉलमध्ये यायची, एका फेरीला पंचवीसेक किलोमीटर. पुढे गोपीचंदनं गच्चीबावलीत अकादमी उभारली. त्यासाठी स्वतःचं राहतं घर गहाण टाकलं, आणि २००८ साली तिची दारं उघडली. सिकंदराबादेत सुरुवात केलेली पी. व्ही. सिंधू सरावासाठी रोज ५६ किलोमीटर प्रवास करते, ही तेव्हाची बातमी होती.

५६ किलोमीटर, रोज. हा आकडा जरा वेळ डोळ्यांपुढे राहू द्यावा. हैदराबादसारख्या शहरात, उत्तम प्रशिक्षक आणि सिंथेटिक मॅटची कोर्ट असूनसुद्धा, चांगलं शिकायचं तर इतकी धावपळ. मग तालुक्याच्या गावातल्या, हौसेनं रॅकेट विकत घेतलेल्या पोरीनं काय करायचं?

गेल्या काही वर्षांत या प्रश्नावर एक उत्तर पुढं केलं जातं. डोळ्यांना हेडसेट लावायचा, हातात कंट्रोलर धरायचा आणि घरच्या घरी शिकायचं. व्हर्च्युअल रिॲलिटी, थोडक्यात व्हीआर. त्याच्या जाहिराती मोहक आहेत आणि त्याला नाकं मुरडणारे प्रशिक्षकही कमी नाहीत. पुढची पानं या दोघांच्या मधल्या जागेसाठी लिहिली आहेत. रॅकेटच्या खेळातलं नेमकं काय हेडसेटमधून शिकता येतं, काय येत नाही, आणि जे येतं ते कोर्टावर कसं उतरवायचं, एवढाच त्यांचा विषय आहे.

रॅकेटचे खेळ आणि पडदा यांची सोयरीक जुनी आहे. १९५८ साली अमेरिकेत ब्रुकहेवनच्या प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम या भौतिकशास्त्रज्ञानं पाहुण्यांच्या करमणुकीसाठी ऑसिलोस्कोपच्या हिरव्या काचेवर टेनिस मांडलं. मधोमध एक उभी रेघ हे नेट, उडणारा ठिपका हा चेंडू. १९७२ मध्ये अटारीचं पाँग आलं, तेही टेबल टेनिसच. २००६ च्या निन्टेंडो वीमध्ये लोक दिवाणखान्यात उभे राहून हात हलवू लागले, आणि त्यातही टेनिस होतंच. प्रत्येक नव्या यंत्रानं पहिल्यांदा रॅकेटच का उचलावी? कारण हा खेळ गणिताला सोपा पडतो. एक चेंडू, एक नेट, दोन माणसं आणि आलटून पालटून फटके. फुटबॉलमधले बावीसजण कुठं धावतील ते सांगणं अवघड. पिंगपाँगचा चेंडू पडून किती उसळेल ते सूत्रात बसतं.

हेडसेटनं यात मोठी भर घातली ती खोलीची. पडद्यावरचा ठिपका डावी-उजवीकडे जायचा. हेडसेटमधला चेंडू अंगावर येतो. दोन डोळ्यांना किंचित वेगळी चित्रं दाखवली जातात आणि मेंदू त्यांतून अंतर ओळखतो. हेडसेटवरचे छोटे कॅमेरे खोलीचे कोपरे पाहत डोकं कुठं आहे याचा हिशेब ठेवतात, आणि मान वळली की चित्र तत्काळ वळतं. वळण आणि चित्र यांत सेकंदाच्या पन्नासाव्या भागाहून जास्त फट पडली तर बऱ्याच जणांना मळमळू लागतं, म्हणून सेकंदाला सत्तर, नव्वद किंवा त्याहून अधिक चित्रं काढावी लागतात. २०२० मध्ये आलेला क्वेस्ट २ हा हेडसेट सुमारे अर्धा किलोचा होता, आणि त्याला संगणकाची वायर लागत नव्हती. घरात, वायरीत पाय न अडकता, दोन मीटर लांब-रुंद जागेत खेळणं अशा हेडसेटमुळे सोपं झालं.

दोन मीटर म्हणजे साडेसहा फूट. हैदराबादेतल्या किंवा ठाण्यातल्या नेहमीच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये सोफा भिंतीला सरकवला आणि टीपॉय आत नेला की तेवढी जागा होते. तिथं हेडसेट चढवून पहिल्यांदा टेबल टेनिस खेळणाऱ्या माणसाला जवळून पाहण्यासारखं असतं. डाव्या हातातल्या कंट्रोलरचं बटण दाबलं की तळहातावर चेंडू येतो. तो वर उडवायचा आणि उजव्या हातातल्या बॅटनं मारायचा. पहिले चार-पाच चेंडू नेटात जातात. मग हाताला वेळ सापडतो, चेंडू टेबलावर पडल्याचा टक् असा आवाज कानात येतो आणि कंट्रोलर मुठीत किंचित थरथरतो. दहा मिनिटांत माणूस खोली विसरतो. इतका, की गुण गमावल्यावर दम खायला तो सवयीनं टेबलाच्या कडेवर हात टेकायला जातो. तिथं टेबल नसतं, आणि तो तोल जाऊन पुढं पडतो. हेडसेटवर टेबल टेनिस खेळणाऱ्यांत हा अपघात इतका नेहमीचा आहे, की नवख्याला पहिली सूचना हीच द्यावी. दुसरी सूचना पंख्याची: खाली लटकलेला पंखा असेल तर स्मॅश मारण्याआधी तो बंद करावा आणि हात वर करून अंतर पाहावं.

मेंदू जर नसलेल्या टेबलावर हात टेकायला निघतो, तर तो नसलेल्या चेंडूवरून काही शिकतही असेल का? याचं उत्तर शोधण्याचे प्रयत्न बरेच जुने आहेत. १९९७ साली अमेरिकेतल्या एमआयटीत इमान्युएल टोडोरोव्ह, रेझा शादमेहर आणि एमिलिओ बिझ्झी यांनी टेबल टेनिसचाच एक अवघड फटका निवडला. शिकणाऱ्याला संगणकाच्या पडद्यावर शिक्षकाच्या बॅटचा मार्ग दिसे आणि त्यावरून आपली बॅट नेण्याचा सराव करायचा असे. अशा सरावानं तो फटका लवकर जमला, तेवढाच वेळ प्रशिक्षकाकडून शिकण्यापेक्षाही. म्हणजे डोळ्यांना जे एरवी दिसत नाही, त्या बॅटनं हवेत काढलेल्या रेघेला, दृश्य केल्याचा फायदा झाला. समोर उभा प्रशिक्षक ‘अशी आण, खालून वर’ असं सांगून स्वतः करून दाखवतो, पण हवेत रेघ काढून ठेवू शकत नाही.

२०१९ मध्ये साऊथ ऑस्ट्रेलिया विद्यापीठाच्या संशोधकांनी आणखी साधा प्रश्न विचारला. त्यांनी ५७ जण घेतले आणि त्यांचे दोन गट पाडले. एका गटानं बाजारात मिळणाऱ्या इलेव्हन टेबल टेनिस या खेळात संगणकाच्या प्रतिस्पर्ध्याशी सराव केला, दुसऱ्यानं काहीच केलं नाही. मग दोघांना खऱ्या टेबलावर उभं करून जाणत्या प्रशिक्षकाकडून तपासलं. हेडसेटवाल्यांचा खेळ सुधारला होता, फटक्यांची संख्या आणि फटक्यांचा दर्जा या दोन्ही अंगांनी. हा निष्कर्ष जाहिरातींतून फार फिरतो, म्हणून तो नीट वाचावा. दुसऱ्या गटानं काहीच सराव केला नव्हता. हेडसेट काहीच न करण्यापेक्षा चांगला, हे त्यातून कळतं. खऱ्या टेबलापेक्षा चांगला, हे नाही. पण ज्या गावात खरं टेबल नाही, तिथं पहिली गोष्टसुद्धा कमी मोलाची नाही.

टेबल टेनिसला हे जमून जातं याची कारणं हाताशी आहेत. टेबल २.७४ मीटर लांब, म्हणजे खेळणारा जवळजवळ जागच्या जागी. चेंडू २.७ ग्रॅमचा, त्याचा हाताला लागणारा धक्का मुळातच हलका. बॅट पावणेदोनशे ग्रॅमच्या घरात आणि कंट्रोलर दीडशेच्या आसपास, त्यामुळे वजनातही फार फसवणूक होत नाही. बॅटच्या मुठीचा साचा करून त्यात कंट्रोलर बसवणारे शौकीनही आहेत. तरी एक गोष्ट राहतेच: रबर. मनिका बत्रा बॅकहँडला लांब दाण्यांचं रबर वापरते, त्यानं समोरून आलेली फिरकी उलटून परत जाते आणि भल्याभल्यांचा अंदाज चुकतो. त्या रबरावर चेंडू लागताना बोटांना जे कळतं, ते मुठीतल्या एका छोट्या मोटरच्या थरथरीला सांगता येत नाही.

टेनिस यापेक्षा अवघड. तीनशे ग्रॅमची रॅकेट आणि सुमारे ५७ ग्रॅमचा चेंडू यांची टक्कर मनगट, कोपर, खांदा, कंबर या सगळ्यांना सोसावी लागते, आणि ती सोसायला शिकणं हे निम्मं टेनिस आहे. व्हिएन्ना आणि प्राग इथल्या कंपन्यांनी टेनिसच्या सरावासाठी हेडसेटवरचे कार्यक्रम तयार केले आहेत. त्यांचा भर फटक्याच्या जोरापेक्षा चेंडूचा अंदाज, निर्णय आणि एकाग्रता यांवर असतो. ही दिशा योग्य आहे.

आणि बॅडमिंटन?

हा खेळ मराठी मुलखाच्या अंगणातला. १८७० च्या दशकात पुण्याच्या छावणीतले इंग्रज अधिकारी तो खेळत आणि त्याचे सुरुवातीचे नियम तिथंच बांधले गेले; ‘पूना’ हे त्याचं एक जुनं नाव. दि. ब. देवधरांचं नाव क्रिकेटमुळे सर्वतोमुखी, पण त्यांच्या तारा, सुंदर आणि सुमन या मुलींनी १९४० च्या दशकात बॅडमिंटनची राष्ट्रीय विजेतेपदं घरी आणली. सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर १९५६ साली क्वालालंपूरला सेलांगोर स्पर्धा जिंकून आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय ठरले. नाटेकरांचा खेळ मनगटाचा. फटका कुठं जाणार हे त्यांच्या रॅकेटकडे पाहून शेवटपर्यंत कळू नये, ही त्यांची कला. आजच्या दुहेरीत मुंबईचा चिराग शेट्टी आणि अमलापुरमचा सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी हे दोघे हैदराबादच्याच तालमीत तयार झाले. सात्त्विकनं २०२३ च्या एप्रिलमध्ये जपानमध्ये मारलेल्या स्मॅशचा वेग ताशी ५६५ किलोमीटर भरला, तो जागतिक विक्रम.

५६५ चा आकडा ऐकून वाटतं, हे डोळ्यांना दिसणार तरी कसं. पण शटलची, बोलीत ज्याला फूल म्हणतात त्याची, गंमत अशी की ते वेगानं निघतं आणि लगेच दमतं. सोळा पिसं, सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आगेमागे वजन. रॅकेटवरून सुटलं की क्षणात उलटं होऊन बूच पुढं करतं आणि पिसांचा घेर हवेला अडवू लागतो. उंच मारलेलं शटल खाली येताना सेकंदाला पावणेसात मीटरच्या वर वेगच घेत नाही, मग ते कितीही उंचावरून पडो. म्हणूनच त्याचा मार्ग चेंडूसारखा कमानदार होत नाही. ते वर जातं आणि शेवटी भिंतीवर आपटल्यासारखं सरळ खाली येतं. हेडसेटमधल्या बॅडमिंटनचं पहिलं पारखणं इथं करावं. क्लिअर, म्हणजे मागच्या रेषेपर्यंतचा उंच फटका, मारून पाहावा. शटल मागच्या रेषेवर सरळ खाली पडलं, तर कार्यक्रम लिहिणाऱ्यानं अभ्यास केला आहे. ते चेंडूसारखं कमान करून उतरलं, तर तो कार्यक्रम मुलाच्या हाती देऊ नये, कारण चुकीचा अंदाज हाडात मुरला की काढताना नाकी नऊ येतात.

दुसरं पारखणं मुठीचं. बॅडमिंटनच्या रॅकेटची मूठ गोल नसते, तिला आठ पैलू असतात. चांगला खेळाडू त्या पैलूंवरून बोटांनीच ओळखतो की रॅकेटचं तोंड आत्ता कुणीकडं आहे. फोरहँडवरून बॅकहँडला जाताना अंगठा रुंद पैलूवर येऊन टेकतो, आणि हे पाहायला वेळ नसतो, ते बोटांना कळावं लागतं. कंट्रोलरची मूठ गुळगुळीत गोल. रॅकेट ८५ ग्रॅमची आणि ६७ सेंटिमीटर लांब. कंट्रोलर तिच्याहून जड आणि वीतभर. त्यामुळे नवख्या मुलाचा हात तवा धरल्यासारखी पकड घेतो, आणि हेडसेटला ती चालते. शटल नीट पलीकडं जातं, मुलगा खूश होतो. प्रशिक्षक ज्याला पॅनहँडल म्हणून पहिल्या आठवड्यात मोडून काढतात, तीच पकड इथं शाबासकी मिळवते. माझ्या मते हा हेडसेटचा सगळ्यात मोठा धोका आहे आणि त्याबद्दल फारच कमी बोललं जातं.

तिसरी गोष्ट पायांची. बॅडमिंटनच्या एकेरीचं कोर्ट १३.४० मीटर लांब आणि ५.१८ मीटर रुंद. त्यातलं अर्धं आपलं. मधोमध उभं राहून सहा कोपऱ्यांकडं धावायचं, पोचायचं, मारायचं आणि परत मध्याला यायचं. सगळ्या अकादम्यांमध्ये यासाठी ‘शॅडो’ करून घेतात. हातात रॅकेट, पण शटल नाही. प्रशिक्षक बोटानं कोपरा दाखवतो आणि मुलं तिकडं झेपावतात, लंज मारतात, हवेत फटका मारून मागं येतात. बुटांच्या करकर आवाजानं हॉल भरून जातो. वीस मिनिटांच्या शॅडोनंतर मुलांच्या पोटऱ्या बोलू लागतात. शॅडो म्हणजे शटलशिवाय पाय. हेडसेट म्हणजे नेमकं उलटं: पायांशिवाय शटल. दोन मीटरच्या चौकोनात मागच्या कोपऱ्यापर्यंत झेप घेता येत नाही, म्हणून बहुतेक कार्यक्रम एक तर शटल खेळाडूजवळच पाठवतात, नाही तर खेळाडूलाच बटणावर सरकवतात.

हे दोन अर्धे एकत्र कसे आणायचे, हाच या पानांचा खरा विषय. आणि तिथं डोळ्यांचा प्रश्न येतो.

१९८७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ब्रूस ॲबरनेथी आणि डी. जी. रसेल यांनी बॅडमिंटनपटूंना फटक्यांचं चित्रीकरण दाखवलं आणि रॅकेट शटलला लागण्याच्या आगेमागे, वेगवेगळ्या क्षणी, ते तोडलं. प्रश्न एकच: शटल कुठं पडेल? कधी त्यांनी चित्रातला हात झाकला, कधी रॅकेट. निकाल असा, की नवखे फक्त रॅकेटकडं पाहत होते, तर कसलेले खेळाडू रॅकेटबरोबर हातावरूनही ओळखत होते, आणि म्हणून त्यांना आधी कळत होतं. त्यांची नजर जात्या तीक्ष्ण होती असं नाही. कुठं पाहायचं ते त्यांना ठाऊक होतं.

हैदराबादच्या कोर्टावर जगातल्या मोठ्या खेळाडूंशी खेळत वाढलेल्या मुलांच्या डोळ्यांना हे नकळत मिळतं. रोज पाचशे वेळा वेगवेगळ्या मनगटांतून सुटणारं शटल पाहिल्यावर डोळा आपोआप कोपराकडं जातो. तालुक्याच्या गावातल्या मुलीसमोर मात्र तेच दोन-तीन सोबती असतात. त्यांचे फटके तिला पाठ झालेले. तिचे पाय दमदार असतील, मनगट चपळ असेल, पण जिल्ह्याबाहेरच्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत समोरची मुलगी तिला ड्रॉप (नेटजवळ टाकलेलं शटल) आणि क्लिअरमध्ये फसवते आणि सामना हातचा जातो. तिला डोळ्यांचं खाद्य कमी पडलेलं असतं. आणि हेच खाद्य हेडसेट देऊ शकतो. सामन्याच्या उंचीवरून, नेटपलीकडं पूर्ण आकाराचा प्रतिस्पर्धी, त्याचा खांदा फिरताना दिसतो, रॅकेट शटलला लागायच्या आधी चित्र थांबतं, आणि खेळणारीनं त्या दिशेनं पहिलं पाऊल टाकायचं. एकच पाऊल. तेवढं दोन मीटरच्या चौकोनात बसतं. मोबाइलच्या पडद्यावर हे करता येतंच, पण तिथला प्रतिस्पर्धी बोटाएवढा असतो आणि सामना वरून, प्रेक्षकाच्या बाजूनं दिसतो. हेडसेटमध्ये ती कोर्टावर उभी असते.

यासाठी लागणारी कच्ची सामग्री हैदराबादजवळच आहे. गच्चीबावलीतल्या आयआयआयटीच्या संशोधकांनी २०१७-१८ मध्ये टीव्हीवरच्या बॅडमिंटन सामन्यांच्या चित्रफिती संगणकाला वाचायला शिकवल्या: रॅली कुठं सुरू झाली, गुण कुणाला, खेळाडू कुठं उभा होता, कोणता फटका मारला. गोपीचंदची अकादमीही त्याच भागात आहे. या दोन दारांच्या मध्ये एक रस्ता तयार झाला, आणि सामन्यांतून वेचलेले हजारो फटके खेळणाऱ्याच्या उंचीवरून मांडता आले, तर नांदेडच्या हिमायतनगरातल्या मुलीला ते दाखवायला रेल्वेचं तिकीट लागणार नाही. हे व्हावं अशी मनापासून इच्छा आहे.

प्रशिक्षकांच्या मनातली धास्तीही समजून घ्यायला हवी. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकआधी गोपीचंदनं सिंधूचा फोन तीन महिने काढून घेतला होता आणि रौप्यपदकानंतरच परत दिला. ज्या माणसानं पडदा दूर करून पदक आणलं, त्याच्या शहरात पुन्हा पडदा, तोही डोळ्यांना बांधून, आणायचा? या शंकेचं उत्तर वेळेच्या मोजमापात आहे. हेडसेटमध्ये डोळे एका ठरावीक अंतरावर खिळलेले असतात, पण चित्र सांगतं की शटल दहा मीटरवर आहे. ही ओढाताण डोळ्यांना थकवते. हेडसेटमधल्या दृष्टीची रुंदी शंभरेक अंश, माणसाची दोनशेच्या आसपास, म्हणून कडेनं दिसणारा जोडीदार तिथं दिसत नाही. क्वेस्ट बनवणाऱ्या मेटा कंपनीनं २०२३ मध्ये मुलांसाठीची वयोमर्यादा तेरावरून दहावर आणली, तीही पालकांच्या देखरेखीखालच्या खात्यासाठी. या पानांत सुचवलेला सराव त्यामुळे दिवसाला दहा ते पंधरा मिनिटांचा आहे, बसून नाही तर उभ्यानं, आणि त्यानंतर लगेच खरी रॅकेट हातात घेऊन. कोर्ट नसेल तर गच्चीत, शॅडो.

खर्चाचाही विचार करावा लागतो. हेडसेट प्रत्येक घरानं घ्यावा असं इथं कुठंही म्हटलेलं नाही. चांगल्या पिसांच्या डझनभर शटलची एक नळी हजार रुपयांच्या पुढं जाते आणि मल्टीशटलच्या, म्हणजे एकामागून एक शटल टाकून घेतलेल्या सरावाच्या, एका सत्रात दोन-तीन नळ्यांचा चुराडा होतो. शाळेनं किंवा तालुका क्रीडा संकुलानं घेतलेला एक हेडसेट वीस मुलांना आळीपाळीनं पुरतो, आणि त्याची पिसं झडत नाहीत. पण तो कपाटात कुलपात राहिला, तर त्यापेक्षा शटलच बरी. म्हणून या पानांमध्ये हेडसेट सांभाळण्याचे, पुसण्याचे आणि वाटून घेण्याचे साधे नियमही दिले आहेत.

पुढची मांडणी या प्रस्तावनेतल्या खेळांच्याच क्रमानं आहे. आधी टेबल टेनिस, कारण तिथं हेडसेट खऱ्या खेळाच्या सर्वांत जवळ जातो. मग टेनिस, थोडक्यात. आणि मग बॅडमिंटन, सर्वांत विस्तारानं: पकड मोडू नये म्हणून कंट्रोलर कसा धरावा आणि कधी सरळ खाली ठेवावा, डोळ्यांचा सराव, पहिलं पाऊल, शॅडोशी त्याची सांगड. प्रत्येक भागात प्रशिक्षकानं कुठं उभं राहायचं हेही सांगितलं आहे, कारण मूल हेडसेटमध्ये असताना त्याची चूक बाहेरच्या माणसालाच दिसते.

पान उलटण्याआधी वाचकानं एक गोष्ट करावी, तिला हेडसेट लागत नाही. मोबाइलवर कोणताही जुना एकेरीचा सामना लावावा. मागून फटका मारणाऱ्या खेळाडूचा हात वर गेला, की रॅकेट शटलला लागण्याआधी चित्र थांबवावं आणि शटल पुढं पडेल की मागं, डावीकडं की उजवीकडं, ते बोटानं दाखवावं. मग चित्र सोडून पाहावं. असं वीस वेळा करावं, आणि किती वेळा बरोबर आलं तो आकडा आजच्या तारखेसह वहीत लिहून ठेवावा. बॅडमिंटनच्या प्रकरणात तो लागणार आहे.